पंखांवरची घडी

आमच्या ह्यांची ऐकायची एक पद्धत आहे. समोर पेपर धरायचा, पाय स्टुलावर टाकायचे आणि माझ्या दर तीन-चार वाक्यांनंतर "हं" म्हणायचं. हा "हं" इतक्या नेमक्या जागी पडतो की नव्या माणसाला वाटावं, काय लक्ष देऊन ऐकतोय नवरा. लग्नानंतर बरीच वर्षं मलाही तसंच वाटायचं. पुढे मी शहाणी झाले, पण बोलायची थांबले नाही. दिवसभर दुकानात लोकांच्या पँटी आखूड करायच्या, झिपा बदलायच्या, कोटांची अस्तरं उसवायची. तोंडात टाचण्या धरलेल्या असतात, बोलता येत नाही. मग घरी आल्यावर कुणाशी तरी बोलायला नको का? भिंतीपेक्षा नवरा बरा, निदान "हं" तरी म्हणतो.

आणि गेली काही वर्षं माझ्या बोलण्याचा विषय एकच होता. आमच्या इमारतीमागचा गवताचा पट्टा, आणि त्यात न येणारं फुलपाखरू.

मी या इमारतीत राहायला आले तेव्हा मागे थेट कुंपणाच्या भिंतीपर्यंत गुडघाभर गवत होतं. ऊन चढलं की त्यावर लहानशी नारिंगी फुलपाखरं उडायची. पंखांवर काळ्या रेघांच्या चौकटी, अगदी चौकडीच्या कापडासारख्या. पुस्तकातलं नाव लांबलचक आहे, मी त्यांना चौकडीवाल्या म्हणते. मग इमारतीच्या समितीने गवत कापायचं यंत्र विकत घेतलं. आता घेतलंय म्हटल्यावर चालवायला नको का, म्हणून मागचं सगळं वारंवार भुईसपाट होऊ लागलं. चौकडीवाल्या कधी गेल्या, कुणी पाहिलंही नाही. एकदा एका गिऱ्हाइकाचा कोट पोचवायला पलीकडच्या टेकाडावर गेले होते, तिथे पाण्याच्या टाकीजवळच्या गवतात मला एकच एक दिसली. कोट हातात घेऊन मी तशीच उभी राहिले. आपल्याकडची माणसं परगावी भेटावीत तसं झालं मला.

तेव्हापासून मी त्या पट्ट्याच्या मागे लागले. वाचलं, विचारलं, शिकले. फुलपाखरांसाठी म्हणून लोक फुलझाडं लावतात, पण मध काय, कुठल्याही फुलात मिळतो. अंडी घालायला मात्र चौकडीवालीला एकच झाड लागतं, कारण तिच्या अळ्या तेवढंच खातात. जेवायला हॉटेल कुठलंही चालेल, बाळंतपणाला माहेरच हवं, असं मी ह्यांना समजावून सांगितलं होतं.

"हं," हे म्हणाले.

ते माहेर म्हणजे कुणी वळूनही बघणार नाही असं एक तण. जमिनीलगत पसरलेली लांबट पानं, पानावर देठापासून टोकापर्यंत उभ्या शिरा, मधून वर आलेली एक काडी आणि काडीच्या टोकाला तपकिरी बोंड. मी त्याला रेघपान म्हणते. रस्त्याच्या कडेला उगवलेल्या रेघपानांचं बी मी पिशवीत झाडून आणलं. ते ओलं झालं की बुळबुळीत होतं, बोटांना चिकटून बसतं. दुकानाच्या खिडकीत, जिथे नमुन्याचे शर्ट टांगायचे तिथे, मी रोपांचे ट्रे मांडले. गिऱ्हाइकं विचारायची, "ही कसली भाजी?" मी म्हणायचे, "माझी नाही, दुसऱ्यांची आहे."

समितीच्या हातापाया पडून तो पट्टा मी मागून घेतला. यंत्र बंद करवलं. रोपं एकेक करून लावली, गवत फार माजून त्यांच्यावर सावली धरू नये म्हणून कातरायच्या मोठ्या कात्रीने ठिकठिकाणी हाताने कापलं. गुडघ्यांची पार वाट लागली. रेघपान मात्र जोमाने पसरलं. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी मी खाली जाऊन पानं उलटून बघायची. खालच्या बाजूला पिवळट अंड्यांचा पुंजका आहे का, पानांना भोकं पडलीत का. इतर लोक बागेत किडका पाला दिसला की हळहळतात, आणि मी एका कुरतडलेल्या पानासाठी जीव टाकत होते. पानं मात्र धडधाकट.

आमच्या समितीचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. त्यांचा दवाखाना तळमजल्यावर आहे आणि सारी इमारत त्यांना दातवाले म्हणते. मनाने वाईट नाहीत, पण त्यांच्या पेशंटना गाड्या लावायला जागा मिळत नाही आणि तो पट्टा त्यांच्या डोळ्यात सलत होता. मागच्या हिवाळ्यातल्या बैठकीत ते म्हणाले, "काकू, अहो ज्या पाहुण्याने आमंत्रणाला उत्तर दिलेलं नाही, त्याच्यासाठी किती दिवस ताट मांडून बसायचं?" सगळे हसले. हेही समितीत आहेत, हेही हसले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी नको ते बोलून बसले. म्हणाले, "एकदा, फक्त एकदा ती इथे आलेली मला दिसू दे. मग माझं काही मागणं नाही."

बैठकीत तेवढ्यावर विषय थांबला. मी ते विसरूनही गेले.

उन्हाळ्यात लेकीला दिवस भरत आले, म्हणून मी तिच्याकडे गेले. निघताना बॅग दाराशी ठेवून ह्यांच्या समोर उभी राहिले आणि हातातला पेपर खाली करायला लावला.

"नीट ऐका. रेघपानांना एक दिवसाआड पाणी घालायचं. बाकी कशाला हात लावायचा नाही. गवत वाढलं तर वाढू दे. आणि पानं खाल्लेली दिसली तर आनंद माना आणि मला लगेच फोन करा. दुपारी असो, संध्याकाळी असो."

"हं," हे म्हणाले. वर "तू निर्धास्त जा," असंही म्हणाले. मी निर्धास्त गेले.

नात झाली, बाळंतीण सुखरूप, सगळं छान पार पडलं. ह्यांचा फोन यायचा, मी विचारायची, "पट्टा कसा आहे?" हे म्हणायचे, "एकदम मस्त." मला बरं वाटायचं. तिकडे लेकीच्या घरी बाळाच्या दुपट्यांना टिपा घालताना मी तिला म्हणालेही, "तुझे बाबा सुधारले गं."

परत आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हे मला चहासुद्धा नीट पिऊ देईनात. "चल खाली, चल खाली." हाताला धरून नेलं. मागच्या दारात इमारतीतली बरीच माणसं उभी. तळमजल्यावरच्या बाई, म्हणजे निवृत्त शिक्षिका, त्यांच्या हातात केक. दातवाले कोट घालून. आणि पट्ट्यावर, माझ्या गवतावर, नारिंगी पंख. एक नव्हे, दोन नव्हेत, जिकडेतिकडे. चौकडीवाल्या.

मी रडले. सगळ्यांसमोर, नाक पुसायचं भान न ठेवता रडले. ह्यांचा दंड धरून म्हणाले, "आल्या हो." हे माझ्या पाठीवर थोपटत राहिले. मला आयुष्यात कधी हा माणूस इतका आपला वाटला नव्हता, अगदी लग्नातही नाही. ते आठवलं की आज जास्त लागतं.

केक कापला. फोटो काढले. दातवाल्यांनी दोन शब्द सांगितले. "काकूंच्या इतक्या वर्षांच्या कष्टांची आज सांगता झाली," असं काहीतरी. सांगता कशाची, आता तर सुरुवात, असं माझ्या मनात येऊन गेलं. पण आनंदात असलेलं माणूस शब्दाला शब्द लावत बसत नाही.

दुपारी सगळे आपापल्या घरी गेले आणि मी खुर्ची घेऊन पट्ट्याच्या कडेला बसले. दुकान त्या दिवशी उघडलंच नाही. एक चौकडीवाली माझ्या बाहीवर येऊन बसली. इतकी सुस्त, की मी चष्मा नाकावर सरकवून तिला अगदी जवळून पाहिलं. पंख उघडले, मिटले, उघडले. उजव्या पंखावर कोपऱ्यातून निघालेली एक तिरपी फिकट रेघ होती, तिथला रंग उडालेला. कुठे घासली असेल, म्हटलं. मग फुलावरची दुसरी पाहिली. तिलाही रेघ, त्याच जागी, तशीच तिरपी. तिसरीलाही.

घडीची रेघ मला ओळखू येते. तो माझा धंदाच आहे. दुकानात शर्ट घडी घालून पडून राहिला की घडीच्या कडेवर रंग विटतो, आणि गठ्ठ्यातल्या सगळ्या शर्टांवर तो एकाच जागी विटतो. बाहेर उन्हातान्हात वावरलेलं कापड वेगळं दिसतं. त्याच्या कडा झिजतात, प्रत्येकाच्या वेगळ्या. या चौकडीवाल्यांच्या पंखांच्या कडा कोऱ्या करकरीत होत्या, आणि सगळ्यांना एकच घडी. कुणीतरी यांना घडी घातलेल्या कागदात ठेवलं होतं.

मी खाली वाकून रेघपानं बघितली. धुऊन पुसून ठेवल्यासारखी. एका पानाला भोक असेल तर शपथ. फुलपाखरू इथलं असेल तर त्याने अळी असताना इथलं पान खाल्लं असणार. या इतक्या जणी मग कुठे जेवून आल्या? खुर्ची तिथेच टाकून मी बाईंच्या दारावर टकटक केली.

बाईंनी आयुष्यभर मुलांचं खोटं पकडलं, त्यामुळे असेल, पण स्वतःला खोटं बोलायचं म्हटलं की त्यांचं तोंड कावरंबावरं होतं. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळा पट्टा दिसतो.

"बाई, पहिली चौकडीवाली तुम्हाला कधी दिसली?" मी विचारलं.

"मला ना... म्हणजे ह्या आठवड्यातच. बसा ना, सरबत करते."

"सरबत नको. कुठे दिसली?"

बाई ओट्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "फ्रिजमध्ये."

मी त्यांच्या फ्रिजकडे बघितलं.

"मी सांगितलं म्हणू नका हो. तुमचे हे खोका घेऊन आले. म्हणाले, थंड जागी ठेवायचाय आणि आमच्याकडे ठेवला तर ती येईल तेव्हा बघेल. मी भाजीचा कप्पा रिकामा करून दिला. त्रिकोणी कागदी पुड्या होत्या, एकेका पुडीत एकेक. आज सकाळी उन्हात नेऊन सोडल्या." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "वाईट वाटून घेऊ नका. तुमच्यावरच्या मायेपोटीच केलं सगळ्यांनी."

"सगळ्यांनी," मी म्हणाले.

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. मी रडत होते, नाक ओढत "आल्या हो" म्हणत होते, तेव्हा भोवती उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं की त्या भाजीच्या कप्प्यातून आल्यात. केकच्या बशा हातात धरून सगळे माझ्याकडे बघत होते. लहान मुलाला नाणं कानातून काढून दाखवतात आणि ते टाळ्या वाजवतं, तेव्हा मोठी माणसं जशी एकमेकांकडे बघून हसतात, तसे. जिना चढताना माझ्या अंगाची आग आग होत होती. पायऱ्यांवर दातवाल्यांचा पेशंट गालावर हात धरून उभा होता. मला त्याचाही राग आला.

हे स्वयंपाकघरात सकाळच्या बशा विसळत होते. गुणगुणत होते. मी दारात उभी राहिले.

"त्रिकोणी पुड्यांतून आणल्यात?"

नळ बंद झाला. ह्यांनी आधी बाईंच्या नावाने एक उसासा टाकला आणि मग, मला आजही नवल वाटतं, हसले. चोरी पकडली गेली म्हणून नाही. कौतुक व्हावं म्हणून.

"कळलं का? मला वाटलं होतं, निदान आठवडाभर तरी कळणार नाही. लांबच्या एका माणसाकडून मागवली, तो पाळतो. नेमकी तुझीच जात मिळवायला केवढा आटापिटा केला मी."

"कशाला?"

"कशाला काय? तुला एकदा दिसायला हवी होती ना? तूच बैठकीत म्हणालीस, एकदा दिसू दे, मग माझं काही मागणं नाही."

इतक्या वर्षांत माझं एवढं एकच वाक्य ह्यांनी पूर्ण ऐकलं होतं.

"मग आता?" मी विचारलं. उत्तर मला ठाऊक झालं होतं, सांगता हा शब्द आठवला होता. तरी ह्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

ह्यांनी हात पुसले. सावकाश, बोटाबोटांच्या मधे. "हे बघ, तू नव्हतीस तेव्हा समितीत पट्ट्यावर गाड्यांसाठी जागा करायचा विषय निघाला. मला जिन्यात, दारात, जिथे भेटतील तिथे लोक तेच विचारायचे. किती वर्षं ऐकून घ्यायचं मी? मी म्हटलं, तिला दुखवून काही करायचं नाही. एकदा तिचं मन भरू दे, मग ती आपणहून सोडेल. दातवाल्यांना पटलं. आता रविवारी बैठकीत नुसतं हो म्हणायचं बाकी आहे. तुझे गुडघे बघ काय झालेत. झालं ते पुष्कळ झालं."

केसाने गळा कापणं म्हणतात ते काय असतं, ते मला तेव्हा समजलं. हा माणूस माझा पट्टा देऊन आला होता आणि वर मला निरोपाचा समारंभ करून दिला होता. मी काही बोलले नाही, तर ह्यांना वाटलं मी निवळले. म्हणून हे पुढे बोलले. बोलले नसते तर मला कधी कळलंच नसतं.

"आणि नुसती फुलपाखरं आणून नाही थांबलो. पट्टासुद्धा कसा चकाचक केला, बघितलास ना? तू गेल्यावर तुझ्या त्या पानांची दैना झाली होती. भिंतीकडच्या कोपऱ्यात, नळापाशी, पानांवर पांढरी जाळी धरली होती. आत किड्यांचे गुच्छच्या गुच्छ. पानं खाऊन नुसत्या शिरा ठेवल्या होत्या. म्हटलं, लोक बघायला येणार, फोटो काढणार, आणि हे असं."

माझा हात दाराच्या चौकटीवर होता. तो तिथेच राहिला.

"कसले किडे?"

"काळे. अंगभर काटे. किळस येत होती अगदी."

"डोकं कुठल्या रंगाचं होतं?"

"डोकं?" ह्यांनी आठवलं. "लालसर होतं खरं. का?"

"काय केलंत त्यांचं?"

"किटलीभर उकळतं पाणी ओतलं. मग जाळी, खराब पानं, सगळं काढून कचऱ्यात दिलं. फोटो पाठवणार होतो तुला, पण म्हटलं, पुढची गंमत जाईल."

मी खाली फरशीवर बसले. गुडघ्यांमुळे मला असं बसता येत नाही, तरी बसले.

चौकडीवालीच्या अळ्या काळ्या असतात, काटेरी असतात, डोकं लालसर असतं. लहान असताना त्या सगळ्या मिळून पानांवर पांढरं जाळं विणतात आणि आत एकत्र राहतात. ती आली होती. मी लेकीकडे निघायच्या सुमाराला कधीतरी, सकाळी पानं बघून झाल्यावर, भर दुपारी मी दुकानात टाचण्या तोंडात धरून बसलेली असताना, टेकाडावरून ती आपली आपण आली होती. माझ्या पानाच्या खालच्या बाजूला अंडी घालून गेली होती. कुणी बोलावून आणली नव्हती, कुणी पुडीत बांधली नव्हती. आणखी थोडे दिवस गेले असते तर याच सुमाराला त्या अळ्यांची फुलपाखरं होऊन माझ्या गवतावर उडाली असती. त्यांची जागा रिकामी करून तिथे ह्यांनी विकतची सोडली.

मी ते सगळं ह्यांना सांगितलं.

ह्यांचा चेहरा उतरला. मग म्हणाले, "तू नेहमी फुलपाखरू फुलपाखरू म्हणायचीस. त्या किड्यांचं कुठे काय म्हणालीस?"

"जेवताना सांगितलं. झोपताना सांगितलं. पुस्तकातलं चित्र तुमच्या पेपरवर ठेवून दाखवलं. निघताना पेपर खाली करायला लावून सांगितलं, पानं खाल्लेली दिसली तर फोन करा. तुम्ही हं म्हणालात."

ह्यांनी विसळलेली बशी पुन्हा विसळायला घेतली.

रविवारची बैठक नेहमीप्रमाणे दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत झाली. भिंतीला टेकलेल्या खुर्च्या, मधे जुनी मासिकं, आणि चूळ भरायच्या औषधाचा वास. मी आदल्या दिवशी ह्यांना म्हटलं होतं, "मला तुमची माफी नको. फक्त तिथे उभं राहून जे पाहिलंत ते सांगा. काळ्या, काटेरी, लाल डोक्याच्या. एवढंच." हे म्हणाले, "सांगेन." "हं" म्हणाले नाहीत, "सांगेन" म्हणाले, म्हणून मी विश्वास ठेवला.

दातवाल्यांनी माझं अभिनंदन करून सुरुवात केली. मी उभी राहिले. म्हटलं, "परवाची फुलपाखरं विकतची होती हे तुम्हाला माहीत आहे, आता मलाही माहीत आहे. त्याबद्दल मी काही बोलत नाही. पण खरी चौकडीवाली आली होती. नळापाशी तिच्या अळ्या होत्या. ती एकदा आली म्हणजे पुन्हा येईल. पट्टा मला एक वर्ष आणखी द्या."

खोलीत चुळबुळ झाली. एकाने मासिक मिटलं. दातवाले खरंच चपापले होते, हे मी त्यांच्या बाजूने सांगते. म्हणाले, "काकू, तसं असेल तर गोष्ट वेगळी आहे. मग आपण थांबू. पण अळ्या पाहिल्या कुणी? तुम्ही तर इथे नव्हता."

"ह्यांनी," मी म्हणाले.

सगळ्या माना ह्यांच्याकडे वळल्या. हे खुर्चीच्या कडेवर बसले होते, दोन्ही तळहात गुडघ्यांवर. मी ह्यांच्या तोंडाकडे बघत होते. ओठ उघडले. शब्द ओठांपर्यंत आलाय, असं मला दिसलं. मग ह्यांनी भोवती पाहिलं. सारी इमारत तिथे बसली होती. बायकोच्या इतक्या वर्षांच्या कष्टांवर उकळतं पाणी ओतणारा माणूस म्हणून त्या सगळ्यांसमोर उभं राहायचं होतं.

"मला तसं नक्की नाही सांगता येणार," हे म्हणाले. "जाळी होती. कोळ्याची असतील बहुतेक."

"आणि अळ्या?" दातवाल्यांनी विचारलं.

"काहीतरी किडे होते. नीट बघितलं नाही मी."

बाईंनी मान खाली घातली. दातवाल्यांनी घसा साफ करून बाकीच्यांचे हात वर करायला लावले, आणि हात वर झाले. ह्यांचा हात वर गेला नाही. खालीच राहिला, गुडघ्यावर. घरी आल्यावर हे तेच सांगत होते, की मी काही हात वर केला नाही. जणू त्याची पावती मी द्यायची होती. "सगळ्यांसमोर कसं सांगणार गं?" असंही म्हणाले. मला पुड्यांचा राग आला होता, पाण्याच्या किटलीचा राग आला होता, पण ते सगळं न ऐकल्यामुळे झालं होतं. हे मात्र ऐकून, समजून, शब्द देऊन झालं. याला मी काय म्हणू?

यंत्र यायच्या आधी मी जेवढी निघतील तेवढी रेघपानं मुळांसकट काढली. जुन्या डब्यांत, कुंड्यांत, फुटक्या बादलीत लावली आणि दुकानाच्या मागच्या खिडकीबाहेर, जिथे ऊन येतं तिथे, मांडली. विकतच्या चौकडीवाल्या तोवर एकेक करून गायब झाल्या होत्या. पट्ट्यावर खडी पडली, रोलर फिरला. आता तिथे गाड्या उभ्या असतात आणि दातवाल्यांचे पेशंट मागच्या दाराने येतात. मी दुकानात जाताना पुढच्या दाराने जाते.

ह्यांच्याशी मी बोलते. भाजी आणा, बिल भरा, लेकीचा फोन आला होता. बाकी काही नाही. घरात शांतता झाली आहे आणि पेपर आता नुसता टेबलावर पडून असतो, हे तो उघडत नाहीत. समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत राहतात.

परवा हे दुकानात आले. कधी येत नाहीत. हातात एक रोप होतं, कुठल्यातरी रस्त्याच्या कडेचं, मुळांभोवती ओला रुमाल गुंडाळलेला. रेघपानच होतं, ओळखण्यात चूक केली नव्हती. ते काउंटरवर ठेवून हे गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले. मी एका कोटाचं अस्तर जोडत होते. मशीन चालू होतं.

"टेकाडावर जाऊन आलो," हे म्हणाले. "टाकीपाशी. एक दिसली बहुतेक. कडा फाटलेली होती पंखाची."

मी कापड पुढे सरकवलं.

"तिथून इथे येऊ शकेल ना ती? दुकान तसं जवळच आहे."

सुईखालून शिवण सरळ निघत होती.

"मी रोज सकाळी येऊन पानं बघत जाईन. तू फक्त सांग, अंडी नेमकी कशी दिसतात? पिवळी असतात ना? पानाच्या खालच्या बाजूला?" हे पुढे वाकले होते. कान देऊन, डोळे माझ्यावर लावून, माझं लग्न झाल्यापासून कधी ऐकलं नाही असं ऐकायला बसले होते. "सांग ना गं. या वेळी मी नीट ऐकतोय."

मी शिवणीवरून नजर काढली नाही.

"हं," मी म्हणाले.